हडपसरचा प्लेग-दवाखाना (१८९७) : रुग्णशुश्रूषेच्या इतिहासातील एक प्रकरण

१

रुग्णालयांच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष साधारणपणे इमारती, देणग्या, खाटांची संख्या आणि तेथे काम केलेले नामवंत वैद्य यांकडे जाते. या सामग्रीचे मोल कमी नाही. परंतु तीवरून एका प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. रुग्ण त्या रुग्णालयात आपल्या इच्छेने का आला, किंवा का आला नाही? रुग्णालय चांगले की वाईट हे ठरविताना वैद्यकाच्या दृष्टीने बरे झालेल्यांचा आकडा महत्त्वाचा असतो. रुग्णाच्या दृष्टीने मात्र दाराशी कसे वागविले गेले, जवळ कोण बसले, पाणी कोणी पाजले आणि आपले माणूस शेवटपर्यंत भेटू शकले की नाही, या गोष्टी तितक्याच निर्णायक ठरतात. या दोन दृष्टी एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात आणि त्यांचा मेळ बसला नाही म्हणजे काय होते, याचे एक ठळक उदाहरण १८९७ सालच्या पुण्यात सापडते. त्या उदाहरणाचा एक भाग पुणे शहरात घडला व दुसरा शहराच्या पूर्वेस, सोलापूर रस्त्यावरील हडपसर या गावी घडला.

प्लेगच्या त्या साथीचा इतिहास महाराष्ट्रात बहुधा राजकीय इतिहास म्हणून सांगितला जातो. रँड यांची कारकीर्द, गोऱ्या सोजिरांची घरझडती, २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर झालेला गोळीबार आणि चापेकर बंधूंना झालेली फाशी हे त्या इतिहासाचे परिचित टप्पे होत. तथापि त्या सर्व क्षोभाच्या मुळाशी एक रुग्णालय होते व तेथे जाण्याची लोकांना वाटणारी भीती होती, ही गोष्ट काहीशी मागे पडलेली आहे. तिचाच येथे विचार करावयाचा आहे.

२

मुंबईत प्लेगचे निदान सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. रोगाचे जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे येर्सिन व कितासातो यांनी शोधले होते. परंतु तो माणसापर्यंत उंदरांवरील पिसवांच्या द्वारे पोहोचतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली दाखवीपर्यंत अज्ञात होते व त्यानंतरही काही वर्षे वादग्रस्त राहिले. म्हणजे साथीच्या पहिल्या वर्षी वैद्यांच्या हाती जंतूचे नाव होते. त्याचा मार्ग ठाऊक नव्हता आणि खात्रीचे औषध तर नव्हतेच. हाफकिन यांनी आपली लस जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःच्या शरीरावर टोचून घेतली. ती लस प्रतिबंधाची होती, रोग झाल्यावर तिचा उपयोग नव्हता. काखेत वा जांघेत गाठ येऊन तापाने पडलेल्या माणसासाठी अगदी उत्तम रुग्णालयालाही जे करता येत होते ते म्हणजे शुश्रूषाच होती : मोकळी हवा, पाणी, पातळ अन्न, स्वच्छता, गाठीची मलमपट्टी आणि माणसाचा सहवास.

ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे त्या काळच्या रुग्णालयांचे मूल्यमापन करण्याची योग्य कसोटी हाती येते. औषधच नसेल तेव्हा रुग्णालयांतील भेद हा औषधाचा भेद राहत नाही. तो शुश्रूषेचा आणि विश्वासाचा भेद असतो.

विश्वासाची उणीव मुंबईत लवकरच दिसून आली. १८९२ साली स्थापन झालेल्या आर्थर रोड रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, प्लेगचे रोगी सक्तीने नेण्यात येऊ लागले, तेव्हा तेथे नेलेला माणूस परत येत नाही अशी समजूत पसरली. रोग्यांना तेथे मुद्दाम मारले जाते, त्यांच्या शरीरापासून औषध काढले जाते, अशाही वदंता उठल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी-कामगारांनी त्या रुग्णालयावर हल्ला केला. वदंता खोट्या होत्या. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला अनुभव सर्वस्वी खोटा नव्हता. रोगी बहुधा अखेरच्या अवस्थेत पकडून आणले जात. त्यामुळे बहुतेक मरत, आणि बहुतेक मरतात म्हणून पुढचे रोगी अधिकच लपविले जात. भीतीने उशीर व्हावा, उशिराने मृत्यू व्हावा आणि मृत्यूने पुन्हा भीती वाढावी, असे हे चक्र होते.

३

४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा अभ्यासण्याजोगा आहे. शासनास आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याचा अधिकार त्याने दिला, आज्ञाभंग करणाऱ्यास शिक्षा सांगितली, आणि सद्‌बुद्धीने केलेल्या कृत्याबद्दल कोणाही अधिकाऱ्यावर दावा लागू नये अशी तरतूद केली. रोग्याला काय मिळाले पाहिजे, त्याच्याजवळ कोणी असावे, याविषयी त्या कायद्यात एक अक्षरही नाही. कायदा रोगाविरुद्ध होता, आणि रोगी त्याच्या दृष्टीने रोगाचा वाहक होता.

पुण्यात फेब्रुवारीच्या अखेरीस साथ इतकी भडकली होती की शहरातील जवळजवळ निम्मे लोक गाव सोडून गेले होते. विशेष प्लेग-कमिटी नेमण्यात येऊन वॉल्टर चार्ल्स रँड हे तिचे अध्यक्ष झाले. कमिटीवरील सर्जन-कॅप्टन बेव्हरिज यांना हाँगकाँगच्या साथीचा अनुभव होता, आणि लष्कराच्या मदतीने घरोघर शोध घेण्याची पद्धती तेथूनच उचलली गेली. १३ मार्च रोजी पुण्यात घरझडतीस आरंभ झाला व १९ मेपर्यंत ती चालू राहिली. गोरे व देशी मिळून जवळजवळ नऊशे शिपाई व अधिकारी या कामी होते. रोगी सापडला की त्याला संगमाजवळच्या इस्पितळात, घरच्या मंडळींना विभक्त छावणीत, आणि सामानाला बहुधा अग्नीत पाठविले जाई. जमिनी उकरल्या जात, भिंतींना चुना दिला जाई.

या व्यवस्थेमागे केवळ दुष्टपणा होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तिच्यामागे एक विचार होता : रोगी जितका लवकर वेगळा होईल तितका रोग लवकर आटोक्यात येईल. परंतु या विचारात रुग्णालय हे उपचाराचे स्थान म्हणून येत नव्हते, ते अलग ठेवण्याचे स्थान म्हणून येत होते. जेथे शिपाई नेतो त्या जागेला लोक तुरुंग समजतात, दवाखाना समजत नाहीत. इस्पितळातील वागणुकीविरुद्ध त्याच वर्षीच्या मे महिन्यात पंडिता रमाबाई यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात जाहीर तक्रार केली. स्त्री-रुग्णांच्या, विशेषतः तरुण मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी उपस्थित केला होता. शासनाने ती तक्रार नाकारली. रमाबाई आपल्या म्हणण्यावर ठाम राहिल्या. त्यांचा मुद्दा राजकीय नव्हता. एखाद्या संस्थेच्या हाती सोपविलेल्या रुग्णाची जबाबदारी कोणाची, हा तो मुद्दा होता. आजच्या परिभाषेत ज्याला रुग्णाचे हक्क म्हणतात त्यांची पुण्यातील ही एक आरंभीची जाहीर मागणी होती असे म्हणावयास हरकत नाही.

लोकमान्य टिळकांनी झडतीच्या जुलमावर ‘केसरी’त टीका केली, पण तेवढ्यावर न थांबता हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग-इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला आणि साथ चालू असता शहरातच राहून तेथील व्यवस्था पाहिली. मुंबईतही निरनिराळ्या जातींनी व धर्मसमाजांनी आपापली खाजगी प्लेग-इस्पितळे काढली. या संस्थांनी एक गोष्ट सिद्ध केली. लोकांचा विरोध रुग्णालयाला नव्हता. आपले अन्न, आपली माणसे व आपला आचार जेथे सांभाळला जाईल अशा ठिकाणी लोक रोग्याला नेण्यास तयार होते. मात्र जातवार विश्वासाला जातीचीच मर्यादा पडते. ज्यांची जात इस्पितळ काढू शकत नव्हती आणि ज्यांना इतरांच्या दारात प्रवेश नव्हता, त्यांनी कोठे जावे, हा प्रश्न उरलाच होता. हडपसरच्या दवाखान्याचे महत्त्व या प्रश्नाच्या संदर्भात आहे.

४

हडपसर हे त्या काळी पुण्यापासून काही मैलांवरचे, भाजीपाल्याच्या मळ्यांचे गाव होते. खडकवासल्याच्या धरणातून निघालेल्या मुठा उजव्या कालव्याचे पाणी या बाजूस खेळू लागल्यापासून तेथील बागायत वाढली होती. सासवडचा रस्ता येथेच सोलापूरच्या रस्त्यापासून फुटतो. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाला या मळेकरी वस्तीत आणि सासवड-पुरंदरच्या बाजूस चांगला आधार होता. हडपसरचे ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे हे सत्यशोधक चळवळीतील गृहस्थ. त्यांची कन्या राधा हिचा विवाह जोतीराव व सावित्रीबाई यांचे दत्तक पुत्र यशवंत यांच्याशी १८८९ साली सत्यशोधक पद्धतीने झाला होता.

यशवंतांचा जन्म ज्या परिस्थितीत झाला तीही येथे अप्रस्तुत नाही. फसवणूक झालेल्या विधवांसाठी फुले दांपत्याने १८६३ साली पुण्यात बालहत्या-प्रतिबंधक गृह चालविले. पुढे अशाच एका निराधार ब्राह्मण विधवेची प्रसूती सावित्रीबाईंनी आपल्या घरी सांभाळली आणि तिच्या मुलाला १८७४ साली आपला म्हणून वाढविले. तोच मुलगा वैद्यकीचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाला. म्हणजे ज्या कुटुंबाने प्लेगच्या रोग्यांसाठी दार उघडले त्या कुटुंबाला, समाजाने दूर लोटलेल्या माणसाची शुश्रूषा करण्याचा तीस वर्षांहून अधिक काळचा अभ्यास होता. १८७६-७७ च्या दुष्काळातही सत्यशोधकांनी धनकवडी येथे उपाशी मुलांसाठी आश्रम चालविला होता. हडपसरचा दवाखाना ही साथीच्या धास्तीने एकाएकी सुचलेली कल्पना नव्हती. तो एका जुन्या कार्याचा पुढचा टप्पा होता.

प्लेगची साथ पुण्यात पसरली तेव्हा डॉ. यशवंतांनी हडपसरजवळ, ससाणे कुटुंबाच्या माळरानावर, रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाईंचे वय त्या वेळी सहासष्ट वर्षांचे होते. त्या स्वतः वस्त्यांतून फिरून रोगी आणवीत व त्यांची सेवा करीत. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीत गायकवाड कुटुंबातील एका मुलाला प्लेगची गाठ आल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना मात्र रोगाची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

तिथ्यांचा मेळ येथे लक्षात घेण्यासारखा आहे. सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर तिसऱ्याच दिवशी, १३ मार्चला, पुण्यात लष्करी घरझडती सुरू झाली. एकाच महिन्यात, एकाच परिसरात, एकाच रोगासाठी रोग्याला घरातून रुग्णालयात नेण्याचे दोन मार्ग लोकांसमोर आले. एका मार्गाने शिपाई दारात येऊन रोगी ओढून नेत होते. दुसऱ्या मार्गाने एक वृद्ध स्त्री दारात येऊन रोगी पाठीवर घेत होती. दोन्ही ठिकाणी रोग्याला घरातून हलविलेच जात होते, आणि औषध दोन्ही ठिकाणी नव्हते. तरीही लोकांनी एका मार्गाला जुलूम म्हटले व दुसऱ्याला सेवा.

५

या दोन मार्गांच्या तुलनेत भावनेचा भाग बाजूस ठेवला तरी तीन गोष्टी उरतात.

पहिली गोष्ट जागेची. दाट वस्तीबाहेरचे, मोकळ्या हवेचे माळरान ही निवड वैद्यकीय दृष्ट्या योग्य होती, आणि तिची योग्यता तेव्हा वाटली असेल त्याहून अधिक होती हे नंतर कळले. प्लेग हा मुख्यतः उंदरांचा रोग आहे. मेलेल्या उंदराला सोडून पिसवा माणसाकडे वळतात. म्हणून रोग असलेल्या घरापासून दूर, झोपडी बांधून मोकळ्या रानात राहणे हा त्या काळातील सर्वांत परिणामकारक उपाय ठरला. खेड्यापाड्यांतील लोकांनी तो आपल्या अनुभवाने शोधला होता. उंदीर मरू लागले की गाव रानात जाई. शहरात घरांना चुना देत फिरणाऱ्या पथकांना हे शहाणपण लोकांकडून शिकता आले असते.

दुसरी गोष्ट वेळेची. रोगी वेळेवर दाखल होणे हे शुश्रूषेच्या यशाचे पहिले गमक आहे. सक्तीच्या व्यवस्थेत रोगी लपविले जात, मृतदेहही लपविले जात, आणि त्यामुळे रुग्णालयाला जो रोगी मिळे तो बहुधा हाताबाहेर गेलेला असे. आप्ताच्या वा ओळखीच्या माणसाने बोलावले तर रोगी लवकर येतो. विश्वास हा येथे केवळ मनाच्या समाधानाचा भाग राहत नाही. तो उपचाराचा एक घटक बनतो. शासनालाही हा धडा हळूहळू घ्यावा लागला. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत पुन्हा दंगल झाली, आणि त्यानंतरच्या काळात घरझडती व सक्तीची रवानगी यांचा जोर कमी होत जाऊन लोकांच्या सहकार्याने, स्थानिक पुढाऱ्यांच्या व देशी वैद्यांच्या मदतीने काम करण्याकडे धोरण वळले.

तिसरी गोष्ट प्रवेशाची. मुंढव्याचा मुलगा ज्या वस्तीतला होता, त्या वस्तीतील माणसाला शिवणे हेच अनेकांच्या दृष्टीने निषिद्ध होते. प्लेगच्या काळात त्या निषेधाला संसर्गाच्या भीतीची जोड मिळाली होती. अशा मुलाला पाठीवर घेण्यात वैद्यकीय धैर्याबरोबर एक सामाजिक निर्णय होता. रुग्णालयाच्या गुणवत्तेची चर्चा आत दाखल झालेल्या रुग्णांपुरतीच केली, तर दाराबाहेर राहिलेला रुग्ण त्या चर्चेतून निसटतो. हडपसरच्या उदाहरणाचे विशेष मोल यात आहे की त्याने गुणवत्तेचा आरंभ दाराबाहेर धरला.

६

या दवाखान्याचे गुणगान करून थांबणे मात्र अभ्यासकाला शोभणारे नाही. त्याच्या मर्यादा स्पष्ट आहेत. शासनाच्या अंदाजानुसार मेच्या मध्यापर्यंत पुण्यातील प्लेगच्या मृत्यूंची संख्या दोन हजारांवर गेली होती. एवढ्या मोठ्या संकटापुढे माळावरचा एक दवाखाना अपुरा होता यात शंका नाही. शासनाजवळ जी साधने होती ती सत्यशोधकांजवळ नव्हती. शिवाय शासनाची बाजू अहवाल, आकडे व पत्रव्यवहार यांत विस्ताराने नोंदलेली आहे, तर हडपसरची हकीकत मुख्यतः सत्यशोधक परंपरेने व चरित्रकारांनी जपलेली आहे. दोन्हींना एकाच तराजूत घालताना ही विषमता विसरता येत नाही.

याहून गंभीर मर्यादा सावित्रीबाईंच्या मृत्यूतच दिसते. त्या मृत्यूला आपण आत्मार्पण म्हणतो व ते यथार्थ आहे. पण शुश्रूषेच्या इतिहासात तो एका उणिवेचाही पुरावा आहे. सेवा करणाऱ्याच्या संरक्षणाची कोणतीच सोय त्या व्यवस्थेत नव्हती. पिसवांचे ज्ञान नसल्याने ती असूही शकत नव्हती. त्या एकट्याच बळी पडल्या असे नाही. सावित्रीबाईंच्या आधी महिनाभर, ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबईच्या कामगारांचे सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने मरण पावले. डॉ. यशवंतही १९०५ साली प्लेगनेच गेले. ज्या व्यवस्थेत काळजी घेणारे असे एकामागून एक जातात ती व्यवस्था फार काळ टिकू शकत नाही. त्याग हा संस्थेच्या उभारणीचा आरंभ असू शकतो; तो तिचा रोजचा आधार मात्र होऊ शकत नाही.

विश्वास आणि साधने या दोन्हींची एकमेकांना गरज होती. शहरात साधने होती, विश्वास नव्हता. हडपसरला विश्वास होता, साधने नव्हती. १८९७ सालच्या पुण्याचे दुर्दैव असे की ही दोन्ही अंगे काही मैलांच्या अंतरावर असूनही एकत्र आली नाहीत.

७

रुग्णसेवेची गुणवत्ता मोजण्याचे शास्त्र यानंतर बऱ्याच काळाने उदयास आले. अवेदिस दोनाबेदियन यांनी १९६६ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात रुग्णसेवेकडे तीन अंगांनी पाहावे असे सुचविले : संस्थेची रचना, सेवेची प्रत्यक्ष प्रक्रिया आणि तिचे फलित. या चौकटीतून १८९७ कडे पाहिल्यास असे दिसते की शासनाने सर्व भर रचनेवर दिला आणि फलिताची अपेक्षा केली. मधली प्रक्रिया, म्हणजे रोग्याला प्रत्यक्ष कसे वागविले जाते हा भाग, त्याने शिपायांच्या हाती सोपविला. हडपसरच्या दवाखान्याजवळ रचना अशी फारशी नव्हती; त्याचे सर्व सामर्थ्य प्रक्रियेत होते.

१८९७ चा तो चार कलमांचा कायदा पुढे शतकाहून अधिक काळ जिवंत राहिला. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्रात त्याचाच आधार घेण्यात आला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती होऊन आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांस कडक शिक्षेची तरतूद झाली. सेवा करणाऱ्याच्या रक्षणाचा विचार अशा रीतीने, मर्यादित अर्थाने का होईना, एकशे तेवीस वर्षांनी त्या कायद्यात आला. रुग्णाशी कसे वागावे हे त्या दुरुस्तीनेही सांगितले नाही.

आज हडपसर पुणे महानगराचा भाग आहे. मळ्यांच्या जागी वसाहती व कारखाने आले आहेत, आणि जेथे एकेकाळी माळावरचा दवाखाना होता त्या परिसरात अनेक मोठी रुग्णालये उभी आहेत. औषधे आहेत, यंत्रे आहेत, रुग्णांच्या समाधानाची मोजणी करणारी पत्रकेही आहेत. त्या पत्रकांतील प्रश्न बहुधा प्रतीक्षेचा वेळ, स्वच्छता, कर्मचाऱ्यांचे वर्तन यांविषयी असतात, आणि ते योग्यच आहेत. परंतु ती पत्रके भरतो तो रुग्णालयात पोहोचलेला रुग्ण. जो भीतीने, गरिबीने किंवा अपमानाच्या आठवणीने तेथपर्यंत आलाच नाही, त्याचे मत कोणत्याही पत्रकात उतरत नाही. १८९७ साली ते मत जाणण्यासाठी मुंढव्याच्या वस्तीपर्यंत चालत जावे लागले होते. रुग्णालयाच्या गुणवत्तेचा अभ्यास करणाऱ्यालाही आपल्या अभ्यासाची सीमा रुग्णालयाच्या भिंतीपाशी न आखता, त्या वाटेने काही अंतर जावे लागेल.